आधाराचा रकाना

"सर, फक्त पुस्तकाचं नाव सांगा. बाकीचं मी बघते," सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणाली.

टेबलावर, ती नोकरी करत होती त्या शब्दकोश कार्यालयाचा छापील फॉर्म होता. वाक्प्रचार: रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज. उगम तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिला होता: दीपगृहाचा अर्धबहिरा राखणदार, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, आणि "वर कुत्री-मांजरं कुणी सोडली?" म्हणून त्याने केलेला आरडाओरडा. खाली आधाराचा रकाना कोरा होता.

"संपादक सगळ्यांसमोर हसले. मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, आमचे सर थापा मारणाऱ्यांतले नाहीत. आता म्हणतात, सोमवारपर्यंत आधार दाखवा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

सर उठून कपाटापाशी गेले आणि एकेक पुस्तक काढून उगाच चाळू लागले. सातवीच्या वर्गात हिनेच हात वर केला होता. सर, कुत्री-मांजरंच का? माहीत नाही म्हणायला त्यांची जीभ रेटली नव्हती. तास संपायला दहा मिनिटं होती. राखणदार तिथल्या तिथे जन्माला आला, वर्ग खूश झाला, आणि सरांचा भाव आणखी वधारला. त्यानंतर त्यांना असे उगम रचायची चटकच लागली. आता मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"अहो, कपाट काय पळून जातंय? चहा निवतोय," आतून बायको म्हणाली.

सर परत येऊन बसले. त्यांनी पेन उचललं आणि रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"पुस्तक नाहीये गं. मीच रचलं होतं."

ती फॉर्मकडे बघत राहिली. "पण एका जहाजाच्या कप्तानाच्या रोजनिशीत ही गोष्ट आहे, असं सांगितलं होतंत तुम्ही."

"रोजनिशीही मीच रचली."

पुरावा म्हणून आणलेली शाळेतली जाड वही तिने पिशवीतून काढली. खाकी कव्हरचे कोपरे झिजले होते, पण आतलं एकही पान सुटलं नव्हतं. तिने ती हळूच त्यांच्यापुढे सरकवली.

"यातले सत्तेचाळीस उगम मी आधीच छापायला दिलेत, सर. खरे कुठले, तेवढ्यांवर खूण करा."

सरांनी पहिलं पान उलटलं, मग दुसरं. प्रत्येक पानाखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'तपासले', आणि शेजारी त्यांची सही.