पुढची स्लाइड

बड्या बड्या कंपन्यांना शहाणपण विकणारा कन्सल्टंट धम्मरत्न भर मीटिंगमध्ये थरथरायला लागला, तेव्हा साहेबांनी त्याला सक्तीची सुट्टी देऊन गावी, कामरगावला मायकडे धाडलं.

"काय होऊन राह्यलं रे तुले?" मायनं विचारलं.

स्लाइडशिवाय आपल्याला साधी सर्दीसुद्धा सांगता येत नाही, हे धम्मरत्नला पक्कं ठाऊक होतं. त्यानं लॅपटॉप उघडला. झोपेचा आलेख खाली, चिडचिडीचा वर, भुकेपुढे लाल ठिपका. घसा खाकरून तो साहेबी मराठीत उपाययोजनेकडे वळला.

मायनं निवडायची तूर बाजूला सारली. "रडू येते काय रे?"

"तो मुद्दा पुढच्या स्लाइडवर हाये, माय."

"मंग तेच दाखव आधी."

धम्मरत्ननं लॅपटॉप मिटला आणि दाखवलं.