भिंतीकडची खुर्ची

“तिकडे नको, या भिंतीकडच्या खुर्चीत बस. डाव्या कानाला त्रास नको, आम्ही सगळे तुझ्या उजवीकडे बसतो,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच खुर्ची सरकवून दिली.

होणारा जावई आज पहिल्यांदाच लेकीबरोबर घरी आला होता. तो बसता बसता थांबला.

“मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे मी बाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. हिलाही आज सांगणार होतो.”

देशात राहून आपल्याच माणसांवर नजर ठेवणाऱ्या खात्यात मास्तरांचा जन्म गेला होता. शेवटची काही वर्षं ते नव्या पोरांना खात्याचा इतिहास शिकवायचे, म्हणून मास्तर. खातं निघालं ते परक्यांचे हेर पकडायला. मग संपवाले आले, मग विद्यार्थी, मग ज्याच्या नावाने कुणी कान फुंकेल तो. एक धडा मात्र ते पोरांकडून घोकून घ्यायचे: समोरच्याने सांगितलं नाही, ते आपल्याला ठाऊक नाही. आज मायेच्या भरात मास्तरच नापास झाले. पोरगा मनापासून आवडला होता, तेच नडलं.

हाताखालच्या जुन्या माणसाला एक फोन केला होता, बस. लेकीचं बरंवाईट बापाने नाही बघायचं तर कुणी? पण याच्यामागे माणूस लावायचा नाही, असं तिने आधीच बजावलं होतं.

“तुम्ही शब्द दिला होता, बाबा,” लेक म्हणाली आणि तिने पर्स उचलली.

दोघं चहा न घेताच निघाली. मास्तर दारातून बघत राहिले. जिन्यावर ती त्याच्या डावीकडून काहीतरी बोलत होती. मग थांबली आणि वळसा घालून उजवीकडे आली.

बायको ट्रे घेऊन तशीच उभी होती. लग्नाच्या पहिल्या रात्रीची एक गोष्ट ती आल्यागेल्याला सांगायची. मास्तर म्हणाले होते, दिवा राहू दे, तुला अंधाराची भीती वाटते ना. न सांगता मनातलं ओळखणारा नवरा मिळाला म्हणून तिने त्यांच्या बदल्या, महिनोन्महिने घराबाहेर राहणं, सगळं पोटात घातलं होतं.

“लग्नाआधी माझीही चौकशी केली होती?” तिने विचारलं.

“खात्याचा नियमच होता तसा.” मास्तरांना स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

“म्हणजे तो दिवा...” एवढंच म्हणून तिने ट्रे खाली ठेवला.

चहावर साय धरली. बाहेर दिवेलागण झाली. रोज या वेळी ती घरभर दिवे लावत फिरायची. आज ती भिंतीकडच्या खुर्चीत बसून राहिली. खोलीत अंधार दाटत गेला, आणि उठून बटण दाबायचा मास्तरांना धीर होईना.