बिनहाराचा फोटो

ज्योतिबा सीमेवरून पेटीतून केंदूरला आला. पेटी काही कुणी उघडू दिली नाही. तेव्हापासून अनसाबाईनं लेकाच्या फोटोला हार घालू दिला नव्हता.

वर्षानं त्याच्या पलटणीतला दौंडचा शंभू भेटायला आला. चहाही न विचारता तिनं मनातलं काढलं.

"बंकरात बाँब पडला तवा त्यो त्याच्यावर पालथा पडला, म्हणत्यात. जत्रंत फटाका वाजला तरी माझ्या पदराखाली शिरायचा त्यो. खरं सांग बाबा, पेटीत दुसरंच कुणी व्हतं ना?"

शंभूनं मान खाली घातली. "आम्ही चौघं त्याच्यामुळंच वाचलो, मावशी. पर बाँबवर पडताना त्यानं डोळं गच्च मिटलं व्हतं, आन् दोन्ही कानांत बोटं घातली व्हती."

अनसाबाईनं पदरानं फोटोची काच पुसली. मग सुनेला म्हणाली, "मोनिका, हार आण."