पिठ्याच्या लेंड्या

कबड्डीच्या शिबिराला निघताना शर्वाणीनं बाबांना चारचारदा बजावलं होतं. पिठ्या म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचं सशाचं पिल्लू. लेंड्या गोल, कोरड्या, मिऱ्यांसारख्या पडल्या की पोट ठीक; पातळ झाल्या किंवा थांबल्या, तर तडक घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले होते. "बाबा, नुसतं गवत घाला, बिस्किटं नाहीत. ट्रेमधला पेपर रोज बदला आणि मला फोटो पाठवा."

बाबांनी एकही दिवस चुकवला नाही. रोज सकाळी लेंड्यांचा फोटो यायचा, खाली लिहिलेलं असायचं, 'पोट ठणठणीत!' ती कौतुकानं मैत्रिणींना दाखवायची. त्या नाकं मुरडायच्या.

शनिवारी परतीच्या बसमध्ये ती ते फोटो पुन्हा बघत बसली. आजच्या फोटोत लेंड्यांखाली मंगळवारचा पेपर होता. शुक्रवारच्या फोटोतही मंगळवारचाच. गुरुवारच्याही.

स्टँडवर बाबा हसत पुढे आले. "दमलीस ना गं?"

"पिठ्या कसाय?"

"मजेत! आज सकाळीसुद्धा..."

"बाबा, मंगळवारी काय झालं?"

बाबांचं हसू मावळलं. "बुधवारी उठलाच नाही गं तो. तुझं शिबिर बिघडू नये, म्हणून... बिस्कीट एकच दिलं होतं."

एकच? तिला आता तेही खरं वाटेना.