हळदीचे हात

उत्तर न दिलेलं ते पत्र डॉ. अधिकाऱ्यांना नेहमी आठवे. कुमुदताई टिपणीसांनी लिहिलं होतं, "सोरायसिसमुळे मला लग्नात कुणी हळद लावू देत नाही. हे हात कधी बरे होतील?" खात्री नसताना काय लिहायचं?

आज सोरायसिसच्याच जुन्या रुग्ण सरोजताई तपासणीला आल्या. आजार पुन्हा उलटवणारी त्वचेच्या पेशींतली आठवण पुसणारी, डॉक्टरांनी घडवलेली औषधी पट्टी काढून त्यांना दोन हिवाळे झाले होते. त्यांचे तळवे पाहून डॉक्टर दचकले.

"हे पिवळे डाग कसले?"

"अहो डॉक्टर, काल भाचीची हळद होती! म्हणाली, आत्या, पहिला हात तुझा. नुसती माखली मी तिला!"

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. हळदीखाली त्वचा नितळ होती. त्यांना पहिल्यांदाच स्वतःचा अभिमान वाटला.

"होतील. लवकर या," एवढंच लिहून त्यांनी कुमुदताईंच्या नावाचं पाकीट स्वतः टपालपेटीत टाकलं.