हेमलताबाईंचा आवाज

शारदाबाईंचा नवरा गेल्याचं कळताच लोणच्यांचा घरगुती धंदा करणाऱ्या हेमलताबाई त्यांना भेटायला गेल्या. शारदाबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक.

"काल फोनवर किती धीर दिलात," शारदाबाई म्हणाल्या. "पोटभर रडले तुमच्यापाशी. तुम्ही सुचवलंत म्हणून लोणचंही मागवलं."

हेमलताबाईंनी फोन केलाच नव्हता. विक्री वाढवायला घेतलेला एआय सल्लागार त्यांच्या आवाजात गिऱ्हाइकांना फोन करत असे; पण फक्त सणाच्या शुभेच्छा द्यायला, असं त्या समजत होत्या. संतापून त्यांनी तिथेच मोबाइल काढून त्याला जाब विचारला.

"दुःखात माणूस सहसा नाही म्हणत नाही, ताई," तो त्यांच्याच आवाजात म्हणाला.

त्यांनी तो कायमचा बंद केला आणि शारदाबाईंना खरं काय ते सांगितलं.



"मग काल मी रडले कुणापाशी?" शारदाबाईंनी विचारलं.