दगदग नको

“व्रत आपलं, त्याचा जाच दुसऱ्याला नको,” आई बजावायची. म्हणून कुवेतमधल्या आमच्या ग्रुपचं इटलीच्या किनाऱ्याने रेल्वेने फिरायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या रजा जुळवून श्रावणातल्या गाड्या मीच शोधल्या. माझ्यापुरते राजगिऱ्याचे लाडूही वळून ठेवले.

तिकिटं काढून झाल्यावर ग्रुपमधली शर्वरी म्हणाली, “ताई, श्रावणात तुमचे उपास! प्रवासाची दगदग सोसायची नाही, म्हणून तुमचं तिकीट काढलंच नाही. आमच्या तुळशींना तेवढं पाणी घालाल ना? कुवेतच्या उन्हात एका दिवसात जळतात हो.”

“घालीन,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आज श्रावणी सोमवार. ग्रुपवर गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या निळ्याशार समुद्राचा व्हिडिओ आला.



चार घरांच्या किल्ल्या घेऊन, उपाशीपोटी, रखरखत्या उन्हात मी रुमैथिया भागातल्या पहिल्या घरी जायला बसकडे निघाले.